करडईचा काटा आणि करडईचे तेल

फेब्रुवारी-मार्च महिन्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानांत करडईची काढणी होते. हे पीक ज्यांनी कापलेले आहे त्यांना त्याचा त्रास ठाऊक असतो. पानांच्या कडांना काटे, बोंडाभोवतीही काटे. म्हणून काढणी भल्या पहाटे, दवाने काटे मऊ असतानाच उरकतात आणि हातापायांना कापड किंवा गोणपाट गुंडाळून घेतात. एवढे करूनही एखादा काटा बोटात शिरतोच. थोड्या वेळाने बोट लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि ठणकू लागते. शरीराच्या या प्रतिक्रियेला वैद्यकात ‘दाह’ असे म्हणतात.

करडईच्या काट्याने दाह होतो याबद्दल कोणाचे दुमत असणार नाही. सध्या प्रश्न विचारला जातो तो करडईच्या तेलाबद्दल. बियांपासून काढलेली तेले शरीरात दाह निर्माण करतात, असे सांगणारे संदेश आणि चित्रफिती गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून घरोघरी पोचल्या आहेत. सूर्यफूल आणि सोयाबीनबरोबर करडईचेही नाव त्या यादीत असते. गंमत अशी, की १९८० आणि १९९० च्या दशकांत याच तेलाची जाहिरात ‘हृदयाला हितकर’ म्हणून केली जात होती. मग तेवढ्यात हितकर तेल घातक कसे झाले?

प्रश्न एका तेलापुरता नाही. ‘सांधे दुखतात ना, मग डाळ बंद करा’, ‘जखम झाली आहे, भात देऊ नका, पू होईल’, ‘वांगे वातूळ असते’ हे सल्ले आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. त्यांतले काही पाळल्याने फारसे नुकसान होत नाही. पण ज्या घरात प्रथिने मिळण्याचे मुख्य साधन डाळ हेच आहे, तिथल्या आजारी माणसाची डाळ बंद झाली तर नुकसान खरोखरच होते. म्हणून ‘अमुक पदार्थाने दाह वाढतो’ हे विधान तपासायचे कसे, ते करडईच्या तेलाचे उदाहरण घेऊन पाहू. हे उदाहरण सोलापूरच्या वाचकांना जवळचे आहे. करडईवर संशोधन करणारे केंद्र सोलापुरात अनेक वर्षे आहे आणि शेतकऱ्यांच्या परिचयाचा ‘भीमा’ हा वाण तिथलाच.

दाह म्हणजे काय?

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. मात्र ही लक्षणे कशामुळे दिसतात हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८८२ साली एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ इटलीतल्या मेसिना या गावी समुद्री ताऱ्यांच्या अळ्यांचा अभ्यास करीत होता. या अळ्या पारदर्शक असतात. त्याने त्यांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या पेशी असतात, ही कल्पना इथून पुढे आली. या कामासाठी मेचनिकॉफला १९०८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आपल्या बोटातही असेच घडते. काट्याने पेशी फाटतात आणि काट्याबरोबर जंतूही आत जातात. त्या जागेवरच्या पेशी काही रासायनिक संदेश सोडतात. जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथे जास्त रक्त येते, म्हणून लाली आणि उष्णता. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो, म्हणून सूज. संदेशरेणूंमुळे वेदना जाणवणारे चेतातंतू अधिक संवेदनशील होतात, म्हणून ठणका. पाझरलेल्या द्रवाबरोबर पांढऱ्या पेशीही बाहेर येतात आणि जंतूंना गिळतात. काम संपले की दुसऱ्या प्रकारचे संदेश सुटतात आणि दाह ओसरतो. तेव्हा दाह हा मुळात शत्रू नव्हे. तो झालाच नाही तर साधी जखमसुद्धा जिवावर बेतेल.

अडचण येते ती दाह ओसरत नाही तेव्हा. आमवातात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते आणि दाह वर्षानुवर्षे टिकतो. याहून मंद, बाहेरून न दिसणारा असाही एक दाह असतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात, यकृतात, पोटावरच्या चरबीत तो धुमसत राहतो. हृदयविकार आणि मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध असल्याचे गेल्या तीस-चाळीस वर्षांत दिसून आले आहे. चरबीच्या पेशी म्हणजे केवळ साठवणीची कोठारे नव्हेत. त्यांच्यातूनही दाहाचे संदेशरेणू बाहेर पडतात. शिवाय आपल्याकडची माणसे बारीक दिसत असली तरी त्यांच्या अंगात चरबी बरीच असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याचे एक बोलके उदाहरण छापले. उंची आणि वजन यांचा मेळ दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. पण एकाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर दुसऱ्याच्या २१.२ टक्के. जास्त चरबीचे शरीर डॉ. याज्ञिक यांचे होते.

हा मंद दाह मोजतात कसा? दाह सुरू झाला की यकृत ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’ नावाचे एक प्रथिन जास्त प्रमाणात तयार करते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. डॉक्टर त्याला थोडक्यात सीआरपी म्हणतात. मोठ्या जंतुसंसर्गात ते शेकडो पटींनी वाढते. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात ते साधारण १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. ३ मिलिग्रॅमच्या वर राहू लागले तर हृदयविकाराचा धोका अधिक मानतात. मात्र साध्या सर्दीनेही ते वाढते. म्हणून एकदाच केलेल्या तपासणीवरून निष्कर्ष काढता येत नाही.

आग होणे आणि दाह होणे

इथे आपल्या भाषेमुळे होणारा एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘दाह’ या शब्दाचा मूळ अर्थ जळणे, आग होणे. त्यामुळे जे खाल्ल्यावर तोंडात किंवा पोटात आग होते ते शरीरात दाह निर्माण करत असणार, असे वाटणे साहजिक आहे. सोलापुरी शेंगाचटणी आणि काळ्या तिखटाचा रस्सा यांच्यावर पहिला संशय येतो तो यामुळेच.

मिरचीत कॅप्सायसिन नावाचा रेणू असतो. आपल्या चेतातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारे एक प्रथिन असते. साधारण ४३ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम वस्तू लागली की ते मेंदूकडे ‘भाजते आहे’ असा संदेश पाठवते. कॅप्सायसिन नेमके याच प्रथिनाला जाऊन चिकटते. तोंडाचे तापमान वाढलेले नसते, पण मेंदूला संदेश मात्र भाजल्याचा मिळतो. अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली हे प्रथिन शोधून काढले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. म्हणजे तिखटाने होते ती आग ही प्रामुख्याने संवेदना आहे. हाच कॅप्सायसिन सांधेदुखीवर लावायच्या मलमांत वापरतात, कारण पुन्हा पुन्हा लावल्याने ते चेतातंतू काही काळ बधिर होतात. ज्यांना आम्लपित्ताचा किंवा मूळव्याधीचा त्रास आहे त्यांना तिखट सोसत नाही हे खरे. पण त्यावरून तिखटाने अंगभर दाह पसरतो असे म्हणता येत नाही.

करडईवरचा आरोप

करडईच्या तेलावरचा आरोप याहून अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण त्यामागे खरे रसायनशास्त्र आहे.

तेलाचा रेणू मेदाम्लांचा बनलेला असतो. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. आपल्या नेहमीच्या खाद्यतेलांत इतके लिनोलेइक आम्ल क्वचितच आढळते. त्याच्या साखळीत १८ कार्बन अणू आणि दोन दुहेरी बंध असतात. शेपटीच्या टोकाकडून मोजले तर पहिला दुहेरी बंध सहाव्या कार्बनवर येतो, म्हणून ते ‘ओमेगा-६’ गटातले. जवसाच्या तेलात मुख्यतः लिनोलेनिक आम्ल असते. त्यातही १८ च कार्बन असतात, पण दुहेरी बंध तीन, आणि पहिला बंध तिसऱ्या कार्बनवर. म्हणून ते ‘ओमेगा-३’. ही दोन्ही आम्ले आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की आहारातून मेद पूर्णपणे काढून टाकला तर उंदरांची वाढ खुंटते आणि कातडीला खवले पडतात.

शरीर लिनोलेइक आम्लाची साखळी वाढवून त्यापासून २० कार्बनचे अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनवते. या आम्लापासून पुढे प्रोस्टाग्लॅंडिन नावाचे संदेशरेणू तयार होतात, आणि बोट लाल होणे, सुजणे, ठणकणे यांत त्यांचा मोठा वाटा असतो. ॲस्पिरिनने दुखणे कमी होते ते प्रोस्टाग्लॅंडिन तयार होण्याच्या मार्गात ते अडथळा आणते म्हणून. हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता आरोपाची साखळी पुरी होते. करडईचे तेल खाल्ले की लिनोलेइक आम्ल वाढणार. ते वाढले की अ‍ॅराकिडोनिक आम्ल वाढणार. त्यामुळे प्रोस्टाग्लॅंडिन वाढणार आणि शेवटी दाह वाढणार. यातली प्रत्येक पायरी पाठ्यपुस्तकात सापडते. मग चूक कुठे असू शकते?

साखळीची तपासणी

उजनीच्या कालव्याला पाणी जास्त सुटले म्हणून शेवटच्या चारीला तेवढ्याच पटीने जास्त पाणी पोचेल असे कोणी म्हणणार नाही. मध्ये दारे असतात, आणि ती किती उघडायची हे ठरवणारे कोणीतरी असते. शरीरातल्या रासायनिक मार्गांवर ही दारे म्हणजे विकरे. लिनोलेइक आम्लाचे अ‍ॅराकिडोनिक आम्ल करणारी विकरे गरजेपुरतेच काम करतात. आहारातल्या लिनोलेइक आम्लाचा अगदी थोडा अंश या मार्गाने जातो. माणसांना वेगवेगळ्या प्रमाणात लिनोलेइक आम्ल देऊन केलेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा रेट आणि व्हीलन यांनी २०११ साली घेतला. आहारातले लिनोलेइक आम्ल ९० टक्क्यांपर्यंत कमी केले किंवा सहा पटींपर्यंत वाढवले, तरी रक्तातल्या अ‍ॅराकिडोनिक आम्लात त्या प्रमाणात फरक पडलेला दिसला नाही.

दुसरी गोष्ट अशी, की अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून केवळ दाह वाढवणारेच रेणू बनतात असे नाही. दाह संपवण्याचा संदेश देणारे लिपॉक्सिन हे रेणूही त्याच्यापासूनच बनतात.

तिसरी तपासणी सर्वांत सरळ आहे. माणसांना हे आम्ल खायला देऊन त्यांच्या रक्तातले सीआरपी आणि दाहाचे इतर निदर्शक मोजायचे. जॉन्सन आणि फ्रिट्शे यांनी २०१२ साली अशा १५ प्रयोगांचा आढावा घेतला. कोण कोणत्या गटात जाणार हे या प्रयोगांत जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलेले होते. निरोगी माणसांत लिनोलेइक आम्लाने दाहाचे निदर्शक वाढतात असा पुरावा त्यांना मिळाला नाही.

मात्र इथेच थांबून करडईला निर्दोष ठरवणे घाईचे होईल, कारण तिच्याविरुद्ध एक भक्कम साक्ष आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात एक प्रयोग झाला. नुकताच हृदयविकाराचा त्रास झालेले ३० ते ५९ वयाचे ४५८ पुरुष त्यात होते. एका गटाला लोणी आणि इतर स्निग्ध पदार्थांऐवजी करडईचे तेल आणि करडईच्या तेलापासून केलेले मार्गारिन देण्यात आले. दुसऱ्या गटाला असे काही बंधन नव्हते. या प्रयोगाची जुनी आकडेवारी शोधून २०१३ साली ती पुन्हा तपासण्यात आली. करडईच्या गटातले कोलेस्टेरॉल कमी झाले होते. पण त्या गटातल्या २२१ पैकी ३९ जण दगावले होते, तर दुसऱ्या गटातल्या २३७ पैकी २८. टक्केवारीत सांगायचे तर १७.६ आणि ११.८. सध्या फिरणाऱ्या अनेक संदेशांचे मूळ या आकड्यांत आहे.

या साक्षीची उलटतपासणी करू. या पुरुषांच्या आहारात सुमारे १५ टक्के उष्मांक लिनोलेइक आम्लातून यावेत असा बेत होता. रोजच्या २,००० उष्मांकांच्या आहारात १५ टक्के म्हणजे ३०० उष्मांक. एक ग्रॅम मेदातून ९ उष्मांक मिळतात, म्हणजे सुमारे ३३ ग्रॅम लिनोलेइक आम्ल. ते सगळे तेलातून घ्यायचे तर रोज ४४ ग्रॅम करडईचे तेल लागेल. आपल्याकडे बैठे काम करणाऱ्या माणसाला रोज साधारण २० ते २५ ग्रॅम वरचे तेल पुरे, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. दुसरे असे, की मार्गारिनमध्ये त्या काळी ‘ट्रान्स’ प्रकारची मेदाम्ले असू शकत आणि ती निश्चितच घातक आहेत. तिसरे, ही सर्व माणसे आधीच आजारी होती. आणि चौथे, प्रयोगात दाह मोजलेलाच नव्हता. तेव्हा ‘करडईच्या तेलाने दाह होतो’ हे या प्रयोगातून सिद्ध होत नाही. परंतु ‘कोलेस्टेरॉल कमी झाले म्हणजे तेल कितीही खावे’ ही जुन्या जाहिरातींची समजूत मात्र त्याने खोटी पाडली, हे मान्य केले पाहिजे.

उलट बाजूची साक्ष २०१९ साली आली. निरनिराळ्या देशांतील ३० अभ्यासांतल्या सुमारे ६९ हजार माणसांची माहिती एकत्र करण्यात आली होती. ज्यांच्या रक्तात किंवा चरबीत लिनोलेइक आम्ल जास्त होते, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण कमी आढळले. हे केवळ निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे कार्यकारणभाव पक्का होत नाही. पण तेल जर सरसकट दाहकारक असते, तर इतक्या माणसांत उलटे चित्र दिसले नसते.

कशाऐवजी आणि कसे?

या सर्व आकड्यांतून एक प्रश्न पुढे येतो, आणि आहाराबद्दलचे कोणतेही विधान ऐकताना तो विचारायला हवा. तो म्हणजे, ‘कशाऐवजी?’ माणूस एक पदार्थ सोडतो तेव्हा त्याच्या जागी दुसरे काही तरी खातो. वनस्पती तुपाऐवजी करडईचे तेल घेतले तर फायदा आहे, कारण ट्रान्स मेदाम्लांनी दाहाचे निदर्शक वाढतात असा पुरावा आहे. म्हणूनच आपल्या देशात अशा मेदाम्लांवर जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात जास्तीत जास्त २ टक्क्यांची मर्यादा आहे. पण सोलापूरच्या घरात पूर्वी करडईबरोबर शेंगदाण्याचे तेल आणि ताटात जवसाची चटणी असे, त्यांऐवजी सगळे एकाच तेलात होऊ लागले तर ते तितकेसे बरे नाही. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या दोन्ही आम्लांवर तीच विकरे काम करतात, त्यामुळे दोन्ही ताटात असणे चांगले. दहा ग्रॅम जवसाच्या चटणीतून सुमारे दोन ग्रॅम ओमेगा-३ मिळते. त्यासाठी महागड्या गोळ्यांची गरज नाही.

दुसरा प्रश्न, ‘कसे?’ दुहेरी बंध जितके जास्त, तितके तेल हवेतल्या ऑक्सिजनशी लवकर संयोग पावते, आणि तापवल्यावर अधिकच. म्हणून करडईचे तेल भाकरी-चटणीवर कच्चे घालायला किंवा फोडणीला चांगले. पण त्याच कढईत सकाळी भजी आणि संध्याकाळी पुन्हा वडे तळायला ते योग्य नाही. वारंवार तापवलेल्या कोणत्याही तेलात हानिकारक संयुगे साचत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम २०१८ पासून देशात लागू आहे. गाड्यावरच्या काळपट, फेसाळ तेलाची काळजी घरातल्या ताज्या तेलापेक्षा कितीतरी जास्त करायला हवी.

डाळ, भात आणि गहू

अन्नामुळे खरोखर दाह होतो अशी उदाहरणे आहेत, आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. सिलिअ‍ॅक या आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे रोगप्रतिकार यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. मुलाला सतत जुलाब होतात, त्याची वाढ थांबते, रक्त कमी होते. अशा रुग्णाला गहू पूर्ण बंद करावा लागतो, आणि ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे भाकरी त्याला चालते. मात्र हे निदान रक्ततपासणी आणि आतड्याच्या तपासणीनेच करायचे असते. ज्यांना हा आजार नाही त्यांच्या आतड्यात गहू असा दाह निर्माण करत नाही.

दुसरे उदाहरण ‘गाउट’ या सांधेविकाराचे. रक्तात यूरिक आम्ल फार वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात जमतात, आणि पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन सुजतो. यूरिक आम्ल प्युरीन या द्रव्यांपासून बनते आणि डाळींत प्युरीन असते. झाले, डाळ बंद! ही साखळीसुद्धा करडईच्या साखळीसारखीच कागदावर पुरी दिसते. पण अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांची १२ वर्षे नोंद ठेवून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत हा विकार जास्त आढळला, पण वाटाणा, घेवडा, मसूर यांसारख्या प्युरीनयुक्त शाकाहारी पदार्थांनी त्याचा धोका वाढलेला दिसला नाही. दूध घेणाऱ्यांत तर तो कमी होता. शिवाय प्रत्येक सांधेदुखी म्हणजे गाउट नव्हे.

जखमेत पू होतो तो जंतूंमुळे. पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि द्रव यांचे मिश्रण. भात त्याला कारण नसतो. उलट जखम भरून येण्यासाठी प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते, म्हणजे वरण-भातावर लिंबू पिळून देणे अधिक शहाणपणाचे.

कौतुकाचीही तपासणी

जी कसोटी आरोपाला लावायची तीच कौतुकालाही लावली पाहिजे. सोलापूर हे डाळिंबाचे माहेरघर. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली इथेच स्थापन झाले आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डाळिंबातील पॉलिफेनॉल द्रव्ये परीक्षानळीत पेशींमधला दाह कमी करतात हे खरे आहे. पण ती द्रव्ये आतड्यातून जशीच्या तशी रक्तात जात नाहीत. आतड्यातले जीवाणू त्यांचे रूपांतर करतात, आणि हे जीवाणू प्रत्येकाच्या आतड्यात सारखे नसतात. डाळिंब हे उत्तम फळ म्हणून जरूर खावे, सांधेदुखीचे औषध म्हणून नव्हे.

ज्वारीच्या भाकरीबद्दल मात्र थोडे अधिक ठामपणे बोलता येते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर मैद्यात तीनच्या आत. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांतल्या काहींवर जगतात आणि त्यांपासून ब्युटिरिक आम्लासारखी छोटी आम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे ते मुख्य इंधन आहे, आणि त्याने तिथला दाह आटोक्यात राहायला मदत होते. हा गुण काही एकट्या ज्वारीचा नाही. कोंड्यासकट दळलेल्या गव्हातही तंतू भरपूर असतात. तोटा होतो तो भाकरी किंवा पोळीची जागा पाव आणि बिस्किटे घेतात तेव्हा.

थोडक्यात असे म्हणता येईल, की ताजे आणि बेताने खाल्लेले करडईचे तेल निरोगी माणसात दाह निर्माण करते याला पुरावा नाही. तेच तेल अती, एकटे किंवा पुन्हा पुन्हा तापवून खाणे हितकर नाही. १९८० च्या दशकात देशात सुमारे दहा लाख हेक्टरांवर असलेल्या करडईचे आता फारच थोडे क्षेत्र उरले आहे. काटे, मजुरीचा खर्च, स्वस्त आयात तेल आणि पाण्याखाली आलेल्या जमिनीतला ऊस ही त्याची कारणे. त्यात निराधार भीतीची भर पडू नये.

वर्गात काय करता येईल?

१. दहावीच्या विद्यार्थ्यांना ओळखीचा प्रयोग: एका परीक्षानळीत ४ मिलिलिटर करडईचे तेल आणि दुसरीत तेवढेच वितळलेले वनस्पती तूप घ्या. दोन्हींत टिंक्चर आयोडीनचे चार-चार थेंब टाकून हलवा. रंग कोणत्या नळीत नाहीसा होतो? दुहेरी बंधांशी त्याचा संबंध जोडून दाखवा. शेंगदाणा आणि जवसाच्या तेलांवरही करून पाहा.

२. प्रत्येक विद्यार्थ्याने घरात महिन्याला किती तेल लागते ते विचारून यावे. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९२० ग्रॅम धरा. त्याला माणसांच्या संख्येने आणि ३० दिवसांनी भागा. दरडोई रोजचे तेल २० ते २५ ग्रॅमच्या जवळपास आहे, की त्याच्या दुप्पट? (मळणी, खुरपणी यांसारखी कष्टाची कामे करणाऱ्यांना थोडे जास्त चालते, हे लक्षात ठेवा.)

३. ‘अमुक खाल्ल्याने दाह होतो’ किंवा ‘दाह जातो’ अशी घरी आणि मोबाइलवर मिळालेली दहा विधाने गोळा करा. प्रत्येकासमोर चार रकाने भरा. परिणाम कोणावर पाहिला: परीक्षानळीतल्या पेशी, उंदीर की माणसे? मोजले काय? किती खाल्ले? आणि कशाऐवजी? जे रकाने रिकामे राहतील त्यांवर वर्गात चर्चा करा. घरातल्या मोठ्यांना चूक ठरवणे हा हेतू नाही; एखादी गोष्ट पटण्याआधी काय विचारायचे, याची सवय लागावी एवढाच आहे.